माडाच्या सावलीतील स्वयंपाकघर

महाराष्ट्राच्या नकाशात अगदी दक्षिणेकडे, सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत सिंधुदुर्ग जिल्हा वसलेला आहे. पूर्वी हा रत्नागिरी जिल्ह्याचाच एक भाग होता. १ मे १९८१ रोजी त्याला स्वतंत्र अस्तित्व लाभले आणि मालवणच्या समुद्रातील दुर्गाचे नाव त्यास देण्यात आले. उत्तरेस विजयदुर्गाजवळील वाघोटन खाडीपासून दक्षिणेस गोव्याच्या सीमेवरील तेरेखोल खाडीपर्यंत सुमारे १२० किलोमीटर लांबीचा हा किनारा पसरला आहे. एका बाजूस निळा सागर, दुसऱ्या बाजूस जांभ्या दगडाचे तांबूस कातळ, आणि या दोहोंच्या मध्ये माडांची हिरवी रांग, असे हे तिरंगी दृश्य मैलोगणती चालू राहते. पावसाळ्याचे चार महिने सोडले, तर उरलेले आठ महिने येथे स्वच्छ ऊन असते. त्या उन्हात वाळू पांढरीशुभ्र चमकते आणि समुद्रावरून येणारा वारा दुपारच्या तापाची धार बोथट करतो.

या मुलखाचे नाव काढताच पुष्कळांच्या मनात प्रथम येते ती मासळी. मालवणच्या मासळीचा लौकिक दूरवर पसरलेला आहे, आणि तो खोटाही नाही. तथापि त्या लौकिकाच्या आड या भूमीचे दुसरे एक स्वयंपाकघर झाकले गेले आहे. तांदूळ, नारळ, कुळीथ, फणस, काजू आणि आमसूल यांवर उभ्या असलेल्या या स्वयंपाकघरात मासळीच काय, दूध आणि तूप यांवाचूनही पक्वान्ने सिद्ध होतात. हल्ली अशा आहाराला एक इंग्रजी नाव मिळाले आहे. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांचे काही सहकारी यांनी एक संस्था स्थापन केली आणि प्राण्यांपासून मिळणारा कोणताही पदार्थ न सेवणाऱ्यांसाठी ‘व्हीगन’ हा शब्द प्रचारात आणला. आपल्याकडील शाकाहारी मनुष्य दूध, दही, तूप आनंदाने खातो. व्हीगन मनुष्य तेही वर्ज्य मानतो, मधही घेत नाही. हा शब्द जन्मास येण्यापूर्वी कितीतरी पिढ्या सिंधुदुर्गातील गृहिणी त्या प्रकारचे अनेक पदार्थ करीत आल्या आहेत. त्यांनी ते एखाद्या तत्त्वासाठी केले नाहीत. त्यांच्या घरात जे होते, त्यातून ते निर्माण झाले.

किनाऱ्याने उत्तरेकडून प्रवास आरंभिला, तर प्रथम विजयदुर्गाची भक्कम तटबंदी लागते आणि त्यानंतर देवगड. हापूस आंब्याने देवगडचे नाव घरोघर पोहोचविले आहे. येथील बागा सपाट, काळ्या जमिनीत नाहीत. सुरुंग लावून कातळ फोडावा, खड्ड्यात बाहेरची माती भरावी आणि मग कलम लावावे, अशा कष्टाने त्या उभ्या राहिल्या आहेत. देवगडच्या दक्षिणेस कुणकेश्वराचे देवालय अगदी समुद्राच्या काठी आहे. भरतीच्या वेळी लाटांचा घोष गाभाऱ्यापर्यंत ऐकू येतो. आंब्याचा हंगाम संपत आला, की या भागात उरलेल्या फळांचा रस ताटांत पसरून उन्हात वाळवितात आणि त्याच्या पोळ्या करून ठेवितात. पावसाळ्याच्या दिवसांत मुलांना मिळणारा हाच गोड खाऊ होय.

तेथून पुढे मालवण. कोकण रेल्वेने येणारा प्रवासी कुडाळ स्थानकावर उतरून सुमारे तीस किलोमीटर पश्चिमेस येतो, तेव्हा त्याला या जुन्या बंदराचे दर्शन घडते. अरुंद रस्ते, उतरत्या कौलांची घरे, प्रत्येक अंगणात तुळशीवृंदावन, आणि गल्लीच्या टोकाशी अकस्मात उघडणारा समुद्र. समोरच्या कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी केली. होडीतून किल्ल्यावर जाणाऱ्यास एक आश्चर्य पाहावयास मिळते. चोहोकडे खारे पाणी असता किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. त्यांची नावे दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव.

ही नावे ठेवणाऱ्याची दृष्टी मोठी मार्मिक म्हटली पाहिजे. ज्या प्रदेशात दूध आणि दही यांची सदैव टंचाई, तेथे माणसाने गोड्या पाण्यालाच त्यांची नावे दिली. या टंचाईचे कारण भूमीत आहे. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत पडून जातो. पाणी उतारावरून समुद्रास मिळते. मागे राहतो तो कातळ. पावसाळ्यात त्यावर हिरवे गवत डोलते खरे, परंतु दिवाळीनंतर ते वाळून करड होते. अशा चाऱ्यावर वाढणारी गाय अंगाने लहान आणि दुधाने बेताची असते. घरात वाटीभर दूध निघाले, तर ते तान्ह्या मुलास आणि आजारी माणसास प्रथम मिळावयाचे. सणासुदीच्या पक्वान्नासाठी ते उरणार कोठून?

ही उणीव माडाने भरून काढली. रेताड, खाऱ्या वाऱ्याच्या भूमीत, जेथे दुसरे झाड तग धरीत नाही, तेथे माड ताठ उभा राहतो आणि वर्षभर फळ देतो. ओला नारळ खवून पाट्यावर वाटावयाचा, त्यात कोमट पाणी घालावयाचे आणि स्वच्छ फडक्यातून पिळून घ्यावयाचे. पहिल्या पिळण्याचा रस दाट आणि दुधासारखा शुभ्र असतो. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून पिळले, की दुसरा, पातळ रस मिळतो. हे दोन रस वेगवेगळे का ठेवावयाचे, हे कोणत्याही पुस्तकात न वाचता येथील मुलगी आईजवळ बसून शिकते. पातळ रसात पदार्थ शिजवावयाचा. दाट रस शेवटी घालावयाचा, आणि तो घातल्यावर भांडे चुलीवर फार वेळ ठेवावयाचे नाही. जोराची उकळी आली, तर रस फुटतो आणि साऱ्या पदार्थाची चव जाते. करवंटीला बांबूची दांडी बसवून केलेली डवली हातात धरून, उकळी येण्याच्या आधीचा तो क्षण ओळखणे, ही साधी गोष्ट नव्हे.

या रसातून जे पदार्थ निर्माण होतात, त्यांत शिरवाळ्यांचा मान मोठा आहे. तांदळाच्या पिठाची उकड काढून तिचे गोळे पाण्यात शिजवितात आणि ते गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबून शेवया पाडितात. साचा दाबावयास अंगात बळ लागते. म्हणून त्या दिवशी घरातील पुरुषमंडळीही स्वयंपाकघरात हजर असतात. गूळ आणि वेलदोडा घातलेल्या नारळाच्या रसात या शेवया बुडवून खावयाच्या. खापरोळीही याच कुळातील आहे. तांदूळ, उडीद आणि मेथी यांचे पीठ आंबवून त्याची जाड, जाळीदार पोळी करतात आणि ती गोड रसात भिजवितात. पूर्वी ती मातीच्या खापरावर होत असे, म्हणून हे नाव. पावसाळ्यात हळदीची पाने मोठी झाली, की त्यांवर तांदळाच्या पिठाचा पातळ थर देऊन, मध्ये गूळखोबरे भरून, पान मिटून वाफवितात. या पातोळ्या होत. पान सोलताना जो सुगंध दरवळतो, त्याचे वर्णन शब्दांत करणे कठीण आहे. तवशाचे, म्हणजे मोठ्या काकडीचे, धोंडस वर आणि खाली निखारे ठेवून भाजतात. या सर्वांत दुधाचा थेंब नाही. मात्र सुस्थितीतील घरी पातोळीवर किंवा घावनावर तुपाची धार सोडण्याची रीत आहे, हेही सांगितले पाहिजे. ज्याला तूप चालत नाही, त्याने पानावर बसतानाच तसे सांगावे. त्यात यजमानास राग येण्याजोगे काही नाही.

मालवणच्या जत्रांत मिळणारे खाजे तर घरी नेण्याजोगे आहे. बेसनाच्या बोटभर कांड्या तेलात तळून त्यांवर आले घातलेल्या गुळाचा पाक चढवितात. कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात, रात्रभर दशावतारी नाटके रंगतात, आणि पहाटे परतणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात खाज्याची पुडी असते.

सणांची गोष्ट निराळी आणि रोजच्या जेवणाची निराळी. रोजच्या पानात उकड्या तांदळाची पेज, एखादे लोणचे आणि कुळथाची पिठी असे. भाजलेल्या कुळथाचे पीठ पाण्यात कालवून, आमसूल, मिरची आणि लसूण घालून ते शिजविले, की पिठी तयार होते. हे गरिबाचे अन्न, यात संशय नाही. येथील शेतीवर वर्षभराचा निर्वाह होत नसे. म्हणून घरटी एक तरी पुरुष मुंबईच्या गिरणीत कामास जाई आणि महिन्याला मनिऑर्डर पाठवी. मागे राहिलेल्या स्त्रिया शेत, माड आणि मुले सांभाळीत. मनिऑर्डरीचे पैसे येत ते कापडाला, घासलेटाला, सावकाराच्या व्याजाला आणि मुलांच्या शाळेला पुरे पडत नसत. तेव्हा ज्यासाठी बाजारात जावे लागत नाही, अशाच वस्तूंनी चूल पेटती ठेवणे भाग होते. गणपतीसाठी गावी आलेला चाकरमानी मुंबईस परतताना त्याच्या गाठोड्यात आई कुळथाचे पीठ आणि आमसुले बांधून देई. परळ–लालबागच्या चाळीतील दहा बिऱ्हाडांत एकाच वेळी पिठीचा वास सुटे, तो त्या गाठोड्यांमुळे.

काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि आंबोळी हा मेळही याच घरांतला. सांबाऱ्यासाठी खोबरे, धने आणि मिरच्या भाजून त्यांचे वाटप करतात. हे वाटप आणि मासळीच्या आमटीचे वाटप यांच्यात फारसे अंतर नाही. म्हणजे ज्या चवीसाठी लोक मालवणला येतात, तिचा अर्धा भाग मुळात खोबऱ्याचाच आहे.

मालवणच्या दक्षिणेस तारकर्ली आणि देवबाग ही गावे आहेत. देवबाग म्हणजे एका बाजूस कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूस समुद्र यांच्यामध्ये पसरलेली वाळूची एक लांब जीभ. तिच्या टोकाशी नदी सागरास मिळते. पाणी इतके निर्मळ, की शांत दिवशी होडीतून तळाची वाळू दिसते. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, आणि तेव्हापासून या गावांचे रूप पालटत गेले. माडांच्या बागांत पाहुण्यांसाठी खोल्या उभ्या राहिल्या. मासे मारणाऱ्या कुटुंबांतील तरुण पाहुण्यांना समुद्राच्या तळाचे दर्शन घडवू लागले. गावातच रोजगार मिळाला, ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु एक विसंगती येथे डोळ्यांत भरते. मासळी न खाणारा पाहुणा आला, की अनेक भोजनगृहांत त्याच्या पुढे पनीरची भाजी ठेवितात. दुधाचे पनीर! ते घाटापलीकडून बर्फात घालून आणावे लागते. त्याच भोजनगृहाच्या मागील दारी फणसाचे झाड फळांनी लगडलेले असते, आणि मालकाच्या घरात त्या दिवशी कुयरीची भाजी झालेली असते. कुयरी म्हणजे अगदी कोवळा फणस. ‘आमचे घरचे जेवण पाहुण्यास कसे वाढावे?’ हा संकोच त्यामागे आहे. जे अन्न गरिबीत शिजले, ते हलके, असा समज मनात खोल रुजला आहे. हा समज दूर झाला नाही, तर पुढच्या पिढीला शिरवाळ्यांचा साचा कोणत्या कामाचा, हेही सांगावे लागेल. माडावर चढून नारळ पाडणारे कुशल हात आधीच विरळ होत चालले आहेत; बागेत नारळ असूनही तो वेळेवर खाली येत नाही, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. उलटपक्षी, ज्या घरांनी धीर करून आपलेच जेवण पाहुण्यांस वाढण्यास आरंभ केला, तेथे काजूची उसळ आणि सोलकढी यांसाठी लोक पुन्हापुन्हा येतात. त्यातील पैसा घाटापलीकडे जात नाही. बागायतदाराच्या आणि सांडगे, पापड, आमसुले करणाऱ्या बायकांच्या हाती पडतो.

देवबागच्या टोकाशी होडीने कर्ली नदी ओलांडली, की भोगवे आणि निवती यांचे किनारे लागतात. ते एकांतप्रिय माणसास आवडतील. त्यापुढे वेंगुर्ले. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी येथे वखार घातली. तिच्या पडक्या भिंती अद्याप उभ्या आहेत. आगबोटींच्या काळात हे बंदर गजबजलेले असे. कवी मंगेश पाडगावकर यांचा जन्म १९२९ साली याच गावी झाला. पण वेंगुर्ल्याचे आजचे वैभव म्हणजे काजू. हे झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते आपल्या किनाऱ्यावर आणले, आणि कातळावर ते असे रुजले, की आता त्याला परके म्हणण्यास कोणी धजणार नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या अनेक सुधारित जाती सिद्ध केल्या. ‘वेंगुर्ला ४’ आणि ‘वेंगुर्ला ७’ या त्यांपैकी विशेष नावाजलेल्या आहेत.

फाल्गुन–चैत्रात ओला काजूगर मिळतो. हिरवी बी चिरून आतील कोवळा गर काढावयाचा असतो. बीच्या टरफलात जळजळीत चीक असतो. तो लागला तर कातडी सोलून निघते. म्हणून काजूगर काढणाऱ्या स्त्रिया हातांस राख किंवा तेल चोळतात, तरीही हंगामाच्या अखेरीस त्यांची बोटे काळवंडलेली दिसतात. शेरभर गर काढावयास सकाळ खर्ची पडते. ओल्या काजूगराची उसळ महाग का, असे विचारणाऱ्याने एकदा ती बोटे पाहावीत.

जूनच्या आरंभी आकाश भरून येते आणि किनाऱ्याचे रूप एकदम बदलते. समुद्र खवळतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला कायद्याने बंदी असते, आणि होड्या वाळूवर माडाच्या झावळांखाली विसावतात. पुढे श्रावण येतो. त्या महिन्यात पुष्कळ घरी मासळी वर्ज्य असते. म्हणजे मासळीसाठी प्रसिद्ध असलेल्या या मुलखात वर्षातले कितीतरी दिवस भाजीपाल्यावरच काढावे लागतात, आणि निसर्गही त्या दिवसांची तरतूद करून ठेवतो. पहिल्या सरींबरोबर टाकळा उगवतो. परसात अळू माजते. उन्हाळ्यात साठवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या आता बाहेर निघतात. भाजून खा, नाहीतर भाजीत घाला.

भाद्रपदातील ऋषिपंचमीचा नेम तर येथे मुद्दाम सांगितला पाहिजे. त्या दिवशी व्रत करणारी स्त्री बैलाच्या श्रमाने पिकलेले धान्य खात नाही. माणसाच्या हातांनी खणून लावलेल्या परसातील भाज्या, अळू, माठ, भोपळा, भेंडी, एकत्र शिजवून तिची ‘ऋषीची भाजी’ होते. ही रूढी केवळ कोकणची नाही, साऱ्या महाराष्ट्राची आहे. परंतु परसबागेच्या या प्रदेशात ती विशेष निष्ठेने पाळली जाते. निदान वर्षातून एक दिवस तरी मुक्या जनावराच्या घामाचे अन्न खावयाचे नाही, हा त्यातील संकेत वॉटसन यांना निश्चितच आवडला असता.

वेंगुर्ल्याहून दक्षिणेस आरवलीच्या वेतोबाचे देवालय लागते. या ग्रामदेवतेस केळ्यांचे घड अर्पण करतात. आरवलीला लागूनच शिरोडे आहे. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात येथील शाळेत अध्यापन करीत होते; पुढे ‘ययाति’ या कादंबरीच्या या कर्त्यास १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. वेळागरच्या किनाऱ्यावर सुरूची दाट झाडी आहे, आणि तिच्यातून वारा वाहू लागला, की समुद्राचा आवाज कोणता आणि झाडांचा कोणता, हे कळेनासे होते.

शिरोड्याची खरी ओळख म्हणजे तेथील मिठागरे. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घ्यावयाचे आणि सूर्याने ते आटवावयाचे, एवढीच ती विद्या. मे १९३० मध्ये या मिठागरांवर मोठा सत्याग्रह झाला. परकीय सरकारने मिठावर कर बसविला होता. दूरदूरच्या गावांतून आलेल्या स्वयंसेवकांनी तो मोडण्यासाठी लाठ्या सोसल्या आणि तुरुंग पत्करला. ज्याच्या घरात पेज आणि पिठी याखेरीज काही नाही, त्याच्या पानातील चिमूटभर मिठावर कर म्हणजे काय, हे येथील माणसास समजावून द्यावे लागले नाही.

याच मे महिन्यात रातांबे पिकतात. कोणी त्यांस भिरंडे म्हणतात, कोणी कोकम. लाल फळ फोडून बिया वेगळ्या करावयाच्या, साली मीठ घातलेल्या त्याच फळाच्या रसात भिजवावयाच्या, उन्हात सुकवावयाच्या, पुन्हा रसात घालावयाच्या आणि पुन्हा सुकवावयाच्या. अशी अनेक पुटे चढली, म्हणजे काळसर, लवचिक आमसूल तयार होते. बियांपासून निघणारे घट्ट तेल पायांच्या भेगांवर लावितात. आमसुले भिजवून काढलेल्या तांबड्या पाण्यात नारळाचा दाट रस मिसळावयाचा, लसूण, मिरची व कोथिंबीर वाटून घालावयाची, की गुलाबी रंगाची सोलकढी होते. नारळाचा रस घातला नाही, तर तिलाच तिवळ म्हणतात. सोलकढी चुलीवर चढवीत नाहीत.

आमसुलांचे सारे काम पहिला पाऊस येण्यापूर्वी उरकावे लागते. मृग जवळ आला, की शिरोडे, आरवली, वेंगुर्ले येथील अंगणांत सुपे, चटया आणि जुनी लुगडी सालींनी तांबडी झालेली दिसतात. एक डोळा पश्चिमेच्या ढगांवर ठेवून घरातील म्हातारी त्या साली उलथीत असते. दूर समुद्रावर गडगडाट झाला, की ती मुलांना हाका मारते. मुले धावत येतात, सुपे पडवीत ओढली जातात, आणि चांगली वाळलेली आमसुले मिठाबरोबर थर देऊन मातीच्या बरणीत वर्षभरासाठी दाबून भरली जातात.